टोक वर, तोंड आपल्याकडे

"ही उलटी हाय की."

एवढंच म्हणाला तो. आठवी-नववीतलं पोर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि तळहातावर करंगळीच्या नखाएवढी गोगलगाय. सप्टेंबरातला रविवार, आदल्या दोन दिवसांत बऱ्यापैकी पाऊस झालेला, आणि सोलापूरच्या आदिला नदीला जाऊन मिळणाऱ्या एका ओढ्यावर दहा-बारा जणांची निसर्गफेरी चाललेली. सोबतच्या मोठ्या माणसानं एक नजर टाकली. "गोगलगाईला कसलं आलंय उलटं न सुलटं? टाक ती, हात धू," म्हणाला, आणि सगळे पुढं खंड्या बघायला निघाले. पोरानं ती टाकली नाही. बाटलीच्या टोपणात थोडं पाणी घेऊन त्यात ठेवली, आणि चालता चालता मधूनच टोपण डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. खंड्या काही दिसला नाही. घरी परतल्यावर फेरीतलं बाकीचं विरून गेलं, ते एक वाक्य तेवढं मागं लागलं. कारण चुकला होता तो मोठा माणूस. गोगलगाईला उलटं-सुलटं असतं. अनोळखी गोगलगाय हातात आली की सगळ्यात आधी तेच तर बघायचं असतं, आणि ते त्या पोरानं कुणी न शिकवता बघितलं होतं.

बघायची रीत सोपी आहे. गोगलगाय दोन बोटांत अशी धरायची की मनोऱ्याचं, म्हणजे शंखाच्या निमुळत्या भागाचं, टोक वर आणि तोंड आपल्याकडे. तोंड म्हणजे जिथून ती बाहेर येते ते भोक. ते मधल्या रेषेच्या उजवीकडे आलं तर उजवी, डावीकडे आलं तर डावी. जगातल्या बहुतेक सगळ्या गोगलगाई उजव्या. त्यामुळं डावी निघाली की निम्म्याहून अधिक नावं एका फटक्यात बाद होतात, तासभराचं काम मिनिटावर येतं. पण घोळ होतो तो धरण्यात. टोक खाली करून धरली की उजवीचंही तोंड डावीकडे दिसतं, आणि माणूस काहीतरी दुर्मीळ सापडल्याच्या थाटात फोटो पाठवायला लागतो. वेढ्यांची दिशा अशी फिरवून बदलत नसते. उजव्या पायातली चप्पल कशीही फिरवली तरी डाव्या पायाची होत नाही, तसंच हे. फोन आल्यापासून आणखी एक फसवणूक वाढली आहे. पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोन आरशातल्यासारखा उलटा करून साठवतात, आणि आरशातली उजवी गोगलगाय हुबेहूब डावी दिसते. यावर उपाय एकच, फोटोत शेजारी पट्टी ठेवायची. आकारही कळतो, आणि पट्टीवरचे आकडे उलटे दिसले तर गोगलगाईवर विश्वास ठेवायचा नाही.

या उजव्या-डाव्यात आपल्याकडं देवघरातूनही एक गोंधळ येतो. पूजेतला नेहमीचा शंख शास्त्राच्या हिशेबानं उजवा असतो, आणि ज्या दक्षिणावर्ती शंखाच्या किमतीच्या गप्पा रंगतात तो शास्त्राच्या हिशेबानं डावा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शास्त्रज्ञ मनोरा वर धरतो, पूजेत शंखाची चोच वर धरतात, म्हणून एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं. (बाजारात दक्षिणावर्ती म्हणून पुष्कळदा जे खपवलं जातं ते अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच शंखाचं कवच असतं. त्या जातीत सगळेच डावे असल्यामुळं त्यात दुर्मीळ काहीच नाही. असो.) त्यामुळं फोनवर कुणी "दक्षिणावर्ती गोगलगाय सापडली" असं सांगितलं की आधी विचारायचं, धरली कशी?

टोक वर, तोंड आपल्याकडे. टोपणातली ती तशी धरली, आणि तोंड डावीकडे आलं.

सोलापुरात सध्या नुसतं गोगलगाय म्हटलं की लोक मीठ नाहीतर चुना शोधायला लागतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोंब जमिनीलगत खाऊन टाकले, दुबार पेरण्या झाल्या, तेव्हापासून हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी शिवीसारखाच येतो. ती जमिनीवरची, मूठभर आकाराची, आफ्रिकेतून आलेली. ओढ्यातल्यांचा तिच्याशी संबंध नाही, पण नाव एकच असल्यानं मार सगळ्यांनाच बसतो. मराठीनं या प्राण्याकडं एकेकाळी फार बारकाईनं बघितलं होतं, हे मात्र कबूल करायला हवं. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो, पण शब्दशः घेतली तर ती या सबंध वर्गाची शास्त्रीय व्याख्याच आहे. गॅस्ट्रोपोडा म्हणजे पोट आणि पाय, मराठी परिभाषेत उदरपाद. काचेच्या ग्लासात एखादी चढवून पलीकडून बघा. तळाशी जो सपाट लुसलुशीत पट्टा लाटेसारखा सरकतो तो पाय, आणि पोट त्याच्या डोक्यावर वेटोळं घालून बसलेलं. म्हण रचणाऱ्यानं हे बघितलं असणार.

अनोळखी काय ते कळायला ओळखीचं काय हे आधी माहीत लागतं. आपल्या भागात ओढ्या-तळ्यात सगळ्यात जुनी ओळख बेलामियाची. मोठ्या बोराएवढी, हिरवट-तपकिरी, एका जातीच्या अंगावर गडद पट्टे, दुसरीला पट्टे नाहीत. हिचं तोंड बंद करायचं झाकण पातळ, नखासारख्या पदार्थाचं, आणि त्यावर एकात एक वर्तुळं. हिची मादी अंडी घालत नाही, तयार पिल्लांना जन्म देते. नर-मादी भिंगाखाली जिवंतपणीच ओळखता येतात, नराचं उजवं शिंग डाव्यापेक्षा जाड आणि बोथट असतं. दुसरी मेलानॉइड्स. थेट स्क्रूसारखी, इंच-सव्वा इंच लांब, तांबूस ठिपक्यांची, दिवसा वाळूत रुतून बसणारी. हिच्यात नराची फारशी गरजच नाही, मादी एकटी पिल्लं काढते. तिसरी पायला, लिंबाएवढी गरगरीत. तिचं झाकण चुन्याचं, जाड, आतून मोत्यासारखं चकचकीत. पाणी आटलं की पायला चिखलात खोल जाते, ते झाकण आतून ओढून घेते आणि पुढच्या पावसाची वाट बघते. अवर्षणाच्या मुलखात राहायचं म्हणजे असं दार लागतं. मग बिनझाकणाच्या दोन: लिम्निया, पातळ कवचाची, तोंड ऐसपैस, उजवी, आणि इंडोप्लॅनॉर्बिस, मनोरा अजिबात नसलेली, चकलीसारखी चपटी. हिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिवंत असताना अंग तांबूस दिसतं.

यात एकही उंच मनोऱ्याची डावी नाही.

ओढ्याच्या काठावर रिकाम्या शंखांचा खच मात्र बेलामियाचा होता. पांढरे पडलेले, पट्टे विटून गेलेले, बोटानं दाबले की चुरा होणारे. असे रिकामे शंख बघून इथं ती राहते असं लिहून टाकायचा मोह होतो, आणि नवख्यांच्या निम्म्या नोंदी इथंच चुकतात. रिकामा शंख पुराबरोबर दहा-वीस किलोमीटर येऊ शकतो. सोलापुरात तर तो ट्रकनंही येतो. सीना-भीमेची वाळू बांधकामावर पडली की तिच्यात मेलानॉइड्सचे स्क्रू आणि बारके शिंपले हमखास निघतात. घराशेजारी ढीग असेल तर मूठभर चाळून बघा. त्यामुळं पुलाचं काम झालेल्या जागी सापडलेला शंख ओढ्याचा की वाळूवाल्याचा, हे सांगता येत नाही. प्राणी सुकलेला का होईना आत हवा, नाहीतर झाकण जागेवर हवं, नाहीतर जिवंत हवी. रिकाम्या शंखाची नोंद करायची तर 'रिकामा' हा शब्द लिहूनच करायची.

जिवंत प्राणी बघायला फार साहित्य लागत नाही. आइस्क्रीमचा पांढरा डबा, चहाची गाळणी, दहापटीचं भिंग आणि बारीक मापं घ्यायला प्लॅस्टिकचं व्हर्नियर. पाणी त्याच ओढ्याचं घ्यायचं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, गोगलगाय आत जाते ती तासभर बाहेर येत नाही, आणि माणूस कंटाळून ती मेली असं ठरवतो. डब्यात दोन बोटं पाणी, सावलीत, हात न लावता पंधरा-वीस मिनिटं. मग पहिल्यांदा पाय बाहेर येतो, पाठोपाठ डोकं. झाकण असेल तर पायाच्या मागल्या टोकावर, वरच्या अंगाला चिकटलेलं दिसतं. सुईच्या मागल्या बाजूनं हळूच टोचलं की प्राणी आत जातो आणि शेवटी ते झाकण दारासारखं बसतं. टोपणातलीला झाकण नव्हतं. म्हणजे फुप्फुसानं हवा घेणाऱ्या गटातली. आता शिंगं. लिम्नियाची शिंगं चपटी आणि तिकोनी, मांजराच्या कानासारखी. हिची दोऱ्यासारखी बारीक आणि लांब, आणि डोळे शिंगांच्या टोकाला नाही तर बुडाशी, काळ्या मोहरीच्या कणासारखे. पाण्यातल्या या गटात डोळे असे बुडाशीच असतात. कवच पातळ, गुळगुळीत, काळ्या चहाच्या रंगाचं, आणि त्यातून आतल्या कातडीवरचे सोनेरी ठिपके दिसत होते. प्राणी मेला की हे ठिपके जातात, म्हणून ते जिवंतपणीच लिहून ठेवायचे.

पण खरी खूण त्याच्याही पुढं आहे, आणि ती बघायला भिंग आणि धीर दोन्ही लागतात. कवचाच्या कडेवरून बाहेर डोकावणारी कातडीची झालर बघायची. बहुतेक गोगलगाईंत ती सरळ कड असते. हिच्यात त्या कडेला बोटं असतात, पारदर्शक, बारीक, आणि ती कवचाच्या बाहेरून वर वळून त्याला धरल्यासारखी चिकटलेली असतात. चिमुकल्या हातानं स्वतःचंच घर धरून ठेवावं तशी. सुईनं डिवचलं की बाकीच्या गोगलगाई आत जातात. ही उलट कवच गदागदा हलवायला लागते, डावीकडं-उजवीकडं, कुत्रं अंग झटकतं तसं. जळू चिकटू नये म्हणूनची ही खोड. चालते पण जलद; डबाभर फेरी मिनिटा-दोन मिनिटांत. कधी कधी ती पाण्याच्या मधोमध, कशालाच न चिकटता, अधांतरी वर जाताना दिसते. जादू वाटते, पण नीट प्रकाश पाडला की कळतं, चिकट लाळेचा एक दोरा तळापासून वरपर्यंत आहे आणि ती त्यावरून चढते आहे.

वर कशाला जाते? श्वास घ्यायला.

डावी, झाकण नाही, दोऱ्यासारखी शिंगं, झालरीला बोटं. ही फायसा, हल्ली फायसेला म्हणतात तो वंश. वंशापर्यंत एवढ्यावर पोचता येतं. जातीसाठी मोजमाप हवं. तोंडाची उंची भागिले पूर्ण उंची. समजा पूर्ण उंची १०.२ मिलिमीटर आणि तोंड ७.४, तर भागाकार ०.७३, म्हणजे तोंडानं जवळजवळ तीन चतुर्थांश जागा घेतली. मनोरा आखूड पण टोकदार, वेढे चार-पाच. व्हर्नियरचा जबडा कवचाला नुसता टेकवायचा, दाबला की ओठ तुटतो आणि माप चुकतं. एकच मोजून भागत नाही, दहा तरी मोजायच्या, कारण पिल्लांत हे प्रमाण वेगळं असतं. शिवाय फायसा आकार बदलण्यात वस्ताद. पाण्यात मासे असतील तर पुढच्या गोगलगाई गोलसर होतात, चिंगाटीसारखा तोंडात शिरून खाणारा शत्रू असेल तर निमुळत्या. शत्रूचा नुसता वास पाण्यात असला तरी हे घडतं. याच बहुरूपीपणामुळं गेल्या दोनशे वर्षांत हिला डझनावारी नावं पडली. भारतातल्या जुन्या नोंदींत 'मेक्सिकाना' हे नावही सापडतं. शंखावरून हा वाद मिटत नाही. आतला नर-अवयव उघडून बघावा लागतो, नाहीतर जनुकांचा तुकडा वाचावा लागतो. तरी आपल्या शहरी ओढ्यातली या आकाराची, या प्रमाणाची डावी म्हणजे फायसा अक्यूटा, असं लिहिताना हात फारसा अडखळत नाही.

या नावाचीही गंमत आहे. फायसा म्हणजे ग्रीकमध्ये फुगा. अक्यूटा म्हणजे टोकदार. द्रापार्नो नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं दक्षिण फ्रान्समधल्या गारोन नदीतल्या नमुन्यांवरून हे नाव दिलं, ते १८०५ मध्ये छापून आलं, तोवर तो वारला होता. सगळ्यांनी मग हिला युरोपची धरलं. अमेरिकेत १८१७ मध्ये थॉमस से यानं तिथल्या अशाच गोगलगाईला 'हेटेरोस्ट्रोफा' असं नाव दिलं, म्हणजे उलट वळणाची. त्या पोराचं आणि सेचं निरीक्षण शब्दाला शब्द एक आहे. जवळजवळ दोनशे वर्षं या दोन वेगळ्या जाती म्हणून चालल्या. २००२ मध्ये दोन्हीकडच्या एकत्र वाढवल्या, तर त्यांची जुळणी बिनतक्रार झाली आणि पिल्लांनाही पुढं पिल्लं झाली. म्हणजे जात एकच. मूळ अमेरिकेची, नाव फ्रान्समधलं, आणि मुक्काम आता अंटार्क्टिका सोडून सगळीकडं. ज्या गोगलगाईला आपण अनोळखी म्हणत होतो ती जगातल्या सगळ्यात पसरलेल्या गोड्या पाण्याच्या गोगलगाईंपैकी एक. इथं मन थोडं खट्टू होतं, हे मान्य करू. काहीतरी आपलं, दख्खनचं, नोंद न झालेलं निघावं अशी आस असतेच.

सोलापुरापर्यंतची वाट ओळखू येण्यासारखी आहे. माशांच्या काचपेटीसाठी पाणवनस्पती विकत आणायची, तिच्या पानामागं जेलीचा एक पारदर्शक ठिपका असतो, केळ्याच्या आकाराचा, सेंटिमीटरभर. आत खसखशीएवढी वीस-तीस अंडी. उन्हाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात. पेटीत पन्नास गोगलगाई झाल्या की माणूस वैतागतो आणि पाणी मोरीत ओततो. मोरीतून गटार, गटारातून ओढा. नर-मादी एकाच अंगात, त्यामुळं दोन असल्या की दोन्ही अंडी घालतात. एकटी उरली तर काही काळ वाट बघते आणि मग स्वतःच स्वतःचं बीज वापरते. आधी भेट झालेली असेल तर ते साठवूनही ठेवते. अंडी बघून इथं आणखी एक खात्री करता येते. लिम्नियाची जेली सरळ लांबट, इंडोप्लॅनॉर्बिसची पिवळसर चपटी चकती, पायलाची पांढरी अंडी पाण्याबाहेर ओल्या मातीत. पाण्याच्या वर भिंतीला किंवा गवताच्या काडीला भडक गुलाबी घोस दिसले तर मात्र लगेच फोटो काढून कळवावं, ती दक्षिण अमेरिकेतली पोमेसिया असते आणि भाताची वैरीण.

पण आणून ओतलं म्हणून कुणी टिकत नाही. हा ओढा खरं तर तिच्यासाठी नव्हता. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही अर्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या काही दिवसांत कोसळणारा. बाकी आठ महिने ओढा म्हणजे काळ्या मातीच्या भेगा, चुनखडीचे खडे आणि वेड्या बाभळी. तिथं दार असलेल्यांचं काम. बेलामिया, पायला झाकण लावून चिखलात महिने काढायच्या. बिनझाकणाची फायसा त्या भेगांत वाळून कोळ झाली असती. आता ओढा बारमाही वाहतो. वाहतो तो मोरीच्या पाण्यानं. फेसाळ, करडं, साबणाचा नि कुजकट असा मिसळलेला वास. त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू इतका कमी की कल्ल्यानं श्वास घेणारी बेलामिया गुदमरते. पायलाला कल्ल्याबरोबर फुप्फुसही असतं, ती कशीबशी निभावते. फायसा लाळेच्या दोऱ्यावरून वर येते, फुप्फुसाचं भोक उघडून हवा भरते, खाली जाऊन पॉलिथीनच्या पिशवीवरचं शेवाळ खरवडत बसते. त्या दिवशी एका पिशवीवर हाताच्या पंज्याएवढ्या जागेत चौदा होत्या. दगडाखाली एकही बेलामिया नव्हती. कोरडा ओढा गोगलगाईंनी शतकानुशतकं सोसला, वाहता सोसला नाही. हिला आक्रमक म्हणून बोट दाखवणं सोपं आहे. तिनं तर फक्त रिकामी खोली बघितली.

नमुना ठेवायचा असेल तर तो पुढं कुणाच्या उपयोगी पडेल असा ठेवावा. तीन ते पाच पुरे, पिशवीभर नकोत. ओढ्याच्या पाण्यात सोडून वर मेंथॉलचे दोन-चार खडे टाकायचे, डबा झाकून रात्रभर ठेवायचा. प्राणी हळूहळू बधिर होतो आणि बाहेर पसरलेलाच राहतो. ही पायरी गाळून थेट अल्कोहोलमध्ये टाकली की तो आत खोल आखडतो, मग आतला अवयव बघायचा तर कवच फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. बधिर झाला की सत्तर टक्के अल्कोहोल. जनुकं वाचायची असतील तर पंच्याण्णव टक्के, आणि दुसऱ्या दिवशी ते एकदा बदलायचं, कारण प्राण्याच्या अंगातल्या पाण्यानं ते पातळ झालेलं असतं. फॉर्मॅलिन नको, ते आंबट असतं, चुन्याचं कवच खातं आणि जनुकांची वाट लावतं. चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलीनं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि वर्षानं निळ्या पाण्यात एक बेनाम गोगलगाय उरते. तारीख, ठिकाण, फोनवरचे अक्षांश-रेखांश, पाणी वाहतं की साचलेलं, कशावर बसली होती. अल्कोहोल घरी मिळत नाही, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडं मागावं. अडलंच तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

आणि हातमोजे. फायसापेक्षा तिच्या शेजारणीची, त्या चपट्या इंडोप्लॅनॉर्बिसची धास्ती जास्त. तिच्या अंगात गुराढोरांच्या रक्तात राहणाऱ्या चपट्या कृमींची पिल्लं वाढतात. एक प्रकार नाकाच्या शिरांत बसतो, गाय-बैल घोरायला लागतात. ही पिल्लं उजेड पडला की गोगलगाईतून पाण्यात उतरतात आणि माणसाच्या कातडीतही घुसू बघतात. तिथं ती मरतात, पण दोन दिवस खाजेचे पुरळ ठेवून. माणसाला खरोखर होणाऱ्या याच जातकुळीच्या रोगाचं भारतातलं एकमेव गाजलेलं ठिकाण आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. म्हणून रबरी हातमोजे, गमबूट, आणि बाहेर आल्या आल्या पाय टॉवेलनं खसाखसा पुसणं. "हात धू" एवढं त्या मोठ्या माणसाचं बरोबर होतं.

राहिला उलटेपणा. गोगलगाय उजवी होणार की डावी, हे अंड्यातल्या पिल्लाच्या पेशी पहिल्या दोन-तीन वेळा दुभंगतानाच ठरतं, आणि ठरवतं कोण, तर पिल्लाची स्वतःची जनुकं नव्हे, आईची. उजव्या लिम्नियात क्वचित डावी निघते, तिचा हिशेब १९२३ मध्ये लागला तो याच धाग्यावरून. म्हणजे पिल्लाचं वळण बघून कळते ती आई.

चौथ्या दिवशी त्या पोराचा फोन आला. टोपणातून ती आता काचेच्या ग्लासात गेली होती, आणि ग्लासाच्या भिंतीला जेलीचे दोन ठिपके चिकटले होते. "एकटीच होती की, मग अंडी कुठनं आली?" ते सांगून झालं. पुढचा प्रश्न त्याहून अवघड. "पाणी बदलतो. जुनं मोरीत ओतू?" नाही. मोरीत नाही, कुंडीत नाही, हिप्परग्याच्या तलावात तर नाहीच. गच्चीवरच्या शहाबादी फरशीवर, उन्हात, पातळ पसरून. जेली अर्ध्या तासात पापुद्रा होते, नखानं निघते. गोगलगाईचं काय करायचं यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मेंथॉल त्याला पटत नव्हतं. ओढ्यात सोडायला घरचे जाऊ देत नव्हते, आणि आता ती त्याची होती. शेवटी ग्लासावर फडक्याचा तुकडा रबर लावून बांधला गेला, आणि रोज संध्याकाळी जुन्या एटीएम कार्डानं भिंत खरवडायची असं ठरलं. फोटो पाठवला त्यानं. शेजारी पट्टी होती, आकडे सुलटे. ग्लासावर चिकटवलेल्या चिठ्ठीत तारीख आणि ओढ्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि खाली 'उलटी' हा शब्द खोडून 'डावी'.